चाळिसाव्या शब्दाची दवंडी

एका राज्यात राजा आजारी पडला, आणि साऱ्या राज्याने त्याची इतकी काळजी घेतली, इतकी काळजी घेतली, की तो अगदी मरायला टेकला. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटेल. वाटू दे. त्या राज्यात तेव्हा सगळंच उलटसुलट चाललं होतं, आणि जी बाई ते सुलट करायला निघाली तिलाही आपण नेमकं काय करतोय हे शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्या बाईचं नाव लाडाई. राजा सुकेतूची ती दूधआई. राजाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा लाडाईने त्याला अंगावर पाजून वाढवलं. आता तो सिंहासनावर बसला होता, तिचे केस पांढरे झाले होते, आणि राजवैद्य सांगतील त्या मात्रा सहाणेवर उगाळून राजाला चाटवणं एवढंच काम तिच्याकडे उरलं होतं. स्वतःचं म्हणावं असं तिला दुसरं कुणी नव्हतं. राजा तिला दाई म्हणे, ती त्याला बाळराजे म्हणे, आणि भर दरबारातसुद्धा ते कुणाला खटकत नसे.

राजवाड्याच्या तळघरात पूर्वजांची एक पेटी होती. तिला सात कुलपं होती आणि ती उघडू नये अशी आज्ञा होती. सुकेतूने गादीवर बसल्यावर तिसऱ्याच महिन्यात ती उघडली. आत तांब्याचं एक कडं निघालं. त्याने ते मनगटात चढवलं मात्र, ते असं घट्ट बसलं की तेल लावून निघेना, कानस लावून तुटेना. मग कुणीतरी झाकणाची धूळ पुसली. आतल्या बाजूला अक्षरं कोरलेली होती: जे मनी येईल ते तनी येईल.

राजाच्या मनात आलं, या धुळीने शिंका येणार. आल्या. बारा शिंका लागोपाठ आल्या. सगळे हसले, राजाही हसला. मग त्याच्या मनात आलं, आता ताप नाही आला म्हणजे मिळवली. दिवेलागणीला तो तापाने फणफणला होता. त्यानंतर मात्र कुणी हसलं नाही.

प्रधान नीलांबर हा मोठा दूरदर्शी गृहस्थ. त्याने विचार केला, महाराजांच्या मनात रोग येऊ नयेत तर त्यांच्या कानावर रोगांची नावं पडता कामा नयेत. त्याने राजवैद्यांना बसवून चाळीस वाईट शब्दांची यादी केली आणि त्या शब्दांवर बंदी घालायचं ठरवलं. त्या राज्याचा जुना रिवाज असा, की एका दिवशी एकच फर्मान निघायचं. म्हणून रोज सकाळी दवंडीवाला हैबती हलगी वाजवत शहराचे सात चौक फिरे, शेवटी राजाच्या खिडकीखाली उभा राही आणि खणखणीत आवाजात ओरडे, “ऐका हो ऐका! आजपासून या राज्यात ‘संधिवात’ हा शब्द कुणीही, कधीही, कुठेही उच्चारू नये हो!”

दुपारपर्यंत राजाचे गुडघे सुजलेले असत.

तुमच्या ध्यानात आलं असेल. तिथे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उलट प्रधान म्हणे, “पाहा, संधिवात येणारच होता. आपण बंदी घालायला थोडा उशीर केला.” आणि दुसऱ्या दिवशी अर्धशिशीवर बंदी येई. दरबारी मंडळी पलंगाभोवती उभी राहून हात जोडून म्हणत, “महाराज, आज किती टवटवीत दिसता! चेहऱ्यावर कसं तेज आहे!” राजाला तेव्हा मानही उचलवत नसे. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. ही माणसं खोटं बोलताहेत, एवढं कळायला त्याला आरशाची गरज नव्हती.

बत्तिसाव्या सकाळी राजाला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं. लाडाई सहाणेपाशी बसून मात्रा उगाळत होती. शेवटचा, चाळिसावा शब्द कोणता हे तिने प्रधानाच्या कारकुनाकडून काढून घेतलं होतं. तो शब्द होता ‘मरण’. त्याच्यावर बंदी आली की महाराज अमर होतील, असं प्रधान सांगत फिरत होता. लाडाईला त्याचं म्हणणं पटतही नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की जितके शब्द जाताहेत तितकं तिचं लेकरू झिजतंय.

खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. तपकिरी पंख, लाल डोळे आणि कपाळाला आठ्या.

“आज सकाळपासून एकशे सतरा माणसांनी मला पाहून हात जोडले,” भारद्वाज म्हणाला. “शुभ शकुन म्हणे. पण तू कसा आहेस, असं एकानेही विचारलं नाही.”

“कसा आहेस रे बाबा?” लाडाईने विचारलं.

“बरा आहे. विचारलंस म्हणून सांगतो. हे कडं ज्याने घडवलं त्याचा पणतू भस्मधर मांत्रिक उत्तरेला तीन डोंगरांपलीकडे राहतो. उतारा असलाच तर त्याच्यापाशी असेल.”

“आणि नसला तर?”

“मी शुभ पक्षी आहे, लाडाई. शहाणा आहे असं कुणी सांगितलं तुला?”

लाडाईने सहाण राजवैद्यांच्या स्वाधीन केली, कमरेला भाकरी बांधली आणि ती निघाली. भारद्वाज झाडाझाडावरून पुढे उडत राहिला. तीन दिवसांत त्यांनी तीन डोंगर ओलांडले.

भस्मधर मांत्रिक गुहेच्या तोंडाशी जटा वाळवत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन पणजोबांची पोथी आणली आणि ओठ हलवत वाचली.

“तीन कामं आहेत,” तो म्हणाला. “पुलापलीकडचं पान आण. तळ्याचं ओंजळभर गोड पाणी पी. आणि रडणाऱ्या शिळेला गप्प कर.”

“मग?”

“आधी कर. मग पुढचं.”

गुहेमागे खोल दरी होती. दरीवर हातभर रुंदीचा दगडी पूल. लाडाईने पाऊल टाकलं आणि तिला वाटलं, हा अरुंद आहे. पूल वीतभर झाला. ती दचकली. पूल चार बोटं झाला. “मी पडणार नाही, मी पडणार नाही,” ती घोकू लागली; घोकताना प्रत्येक वेळी तिला आपण पडताना दिसे आणि प्रत्येक वेळी पूल आणखी बारीक होई. शेवटी तो दोरीएवढा उरला. लाडाई त्यावर मटकन बसली आणि तिने दोन्ही हातांनी दगड आवळून धरला. मागे वळायला जागा नव्हती. बसल्या बसल्या तिला आठवलं, की राजवैद्यांना मात्रांचा क्रम नीट सांगितलेलाच नाही. आधी सुंठ, मग वेखंड. सुंठीचे सात वळसे, वेखंडाचे तीन, आणि हिरडा मधात. मध जुना हवा. जुना मध कोनाड्यातल्या बरणीत आहे, पण ती बरणी त्यांना सापडेल का? त्यांना तर स्वतःच्या वहाणा सापडत नाहीत. असं मनाशी बोलत ती गुडघ्यांवर रांगत निघाली. वर पाहिलं तेव्हा ती पलीकडे पोचली होती आणि मागे बैलगाडी जाईल एवढा पूल होता.

“हे कसं झालं?” तिने विचारलं.

“मला विचारू नकोस,” भारद्वाज म्हणाला. “मी उडत आलो.”

पान खुडून ती परतली. तळं गुहेच्या डाव्या अंगाला होतं. लाडाईचा जन्म कडू मात्रा उगाळण्यात गेलेला. तिने ओंजळ तोंडाला लावली तर पाणी काडेचिराइतासारखं कडू लागलं. मग तिला वाटलं, आपण गोड म्हणायला हवं. “किती गोड! वा, किती गोड!” असं म्हणत तिने दुसरी ओंजळ भरली, आणि ती पहिलीपेक्षाही कडू निघाली. उन्हाने तिचा घसा कोरडा पडला होता. वैतागून तिने तिसरी ओंजळ भरली. गोड नव्हतं. पण थंड होतं. “थंड आहे हो,” ती म्हणाली. घोट उतरताना घशाला बरं वाटलं, तेही तिने मनाशी कबूल केलं. आणि तळाशी उरलेला शेवटचा घोट गोड लागला. लाडाईने भारद्वाजाकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

रडणारी शिळा माळावर पडली होती. कोण्या काळी ती राजकन्या होती, शाप लागून तिचा दगड झाला होता. येणारे-जाणारे तिला म्हणत, तू अजूनही सुंदर आहेस, आणि तिचे कढ वाढत.

“तूही सुंदर म्हणणार असशील तर वाटेला लाग,” शिळा म्हणाली.

लाडाईने पदराने घाम पुसला. आजाऱ्याचं अंग बघायची सवय, म्हणून ती शिळेभोवती फिरून नीट बघू लागली. ओबडधोबड दगड, एका अंगाला शेवाळ, मधोमध चीर. दुसऱ्या अंगाला खाली एक भोक होतं.

“बाई गं,” ती म्हणाली, “तुझ्या कुशीखाली मुंग्यांनी घर केलंय. पोरंबाळं आहेत त्यांची. सगळ्या माळावर कोरडी जागा एवढी एकच दिसते मला.”

“किती आहेत?” शिळेने हळूच विचारलं.

“मोजल्या नाहीत. पुष्कळ आहेत.”

“हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” शिळा म्हणाली, आणि तिचं पाणी थांबलं. ती काही पुन्हा राजकन्या झाली नाही. दगडच राहिली, पण रडायची थांबली.

लाडाई धापा टाकत मांत्रिकापाशी आली. पान त्याच्यापुढे ठेवलं. “तिन्ही झाली. आता उतारा सांगा.”

भस्मधराने पोथीचं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग पोथी उलटी धरून झटकली. पिठासारखी माती गळली.

“वाळवी,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“पुढचं वाळवीने खाल्लं. तीन कामं तेवढी शाबूत होती.”

लाडाई आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती. त्या दिवशी ती ओरडली. “तुमच्या पणजोबाने कडी घडवावी, तुम्ही उन्हात जटा वाळवाव्यात, आणि पोथीला धुरी द्यायला एक जण नाही घरात! माझं लेकरू मरतंय तिकडे!” मांत्रिक खाली मान घालून बसला. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता आळशी होता. लाडाई तशीच परत फिरली आणि पहिला डोंगर चढेपर्यंत रडत राहिली. पूल रुंद झाला, पाणी गोड झालं, दगड गप्प झाला. पण यातलं औषध कोणतं? उगाळायचं काय? पान तर तिकडेच राहिलं!

चाळिसाव्या सकाळी ती वेशीत शिरली तेव्हा हैबती हलगी शेकत बसला होता. तिला पाहून त्याने डोळे पुसले.

“लाडाई, वेळेवर आलीस गं. राजा काही आजचा दिवस काढत नाही. काल श्वास लागला.”

“काल दवंडी कशाची होती?”

“श्वास लागण्याची.”

“आणि परवा काय झालं?”

“छातीत कळा आल्या.”

“परवाची दवंडी?”

हैबतीने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हैबतीच्या हातातली हलगी खाली पडली.

“मी आणले सगळे?” तो म्हणाला. “माझ्या तोंडाने?”

“तुला काय माहीत होतं रे? पण आज ओरडू नकोस.”

“तसं करून भागत नाही. राजमुद्रेचं फर्मान मी नाही वाचलं तर ते आपणहून ओरडतं. आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतं.” त्या राज्यात फर्मानं तशीच असत. “पण सात चौक फिरायचेत ना मला? लंगडत फिरतो.”

लाडाई जिना चढली. तिला जायचं कुठे हे माहीत होतं, करायचं काय हे माहीत नव्हतं. जे मनी येईल ते तनी येईल. पायरीपायरीवर ती हेच घोकत होती. सातव्या पायरीवर ती थबकली. वाईटच येईल असं कुठे लिहिलंय? बरं यायला कुणी मनाई केलीय? पण बरं मनात आणायचं कसं? महिनाभर तीस दरबारी टवटवीत टवटवीत म्हणत होते, त्याने काय झालं?

राजा भिंतीकडे तोंड करून पडला होता. पलंगापाशी नीलांबर हात जोडून उभा होता. “महाराज आज सूर्यासारखे तळपताहेत,” तो म्हणत होता.

“प्रधानजी,” लाडाई म्हणाली, “आपण जरा बाहेर थांबावं.”

तिच्या आवाजात असं काही होतं, की प्रधान खरंच बाहेर गेला. ती पलंगावर बसली. छान दिसताय, असं तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

“बाळराजे, फार वाळलात,” ती म्हणाली.

राजाने मान वळवली. महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. “दाई, सगळं दुखतं.”

“सगळं? करंगळी दाखवा.”

“करंगळी?”

“हो. उजवी. दुखते?”

राजा गोंधळला. त्याने करंगळीकडे पाहिलं. ती हलवली. “नाही. करंगळी नाही दुखत.”

“मग ती बरी आहे. तिच्याशेजारचं बोट?”

“तेही... बरं आहे. मधलं दुखतं.”

“मधलं राहू दे. त्याच्याकडे नंतर येऊ. कानाची पाळी?”

असं त्या दोघांचं चाललं. नखं, भुवया, नाकाचा शेंडा. जिथे दुखे ते ती सोडून देई. खोडत नसे, समजावत नसे, फक्त म्हणे, त्याच्याकडे नंतर येऊ. राजा आधी तिच्या समाधानासाठी सांगत होता. मग त्यालाच नवल वाटू लागलं, की आपलं एवढं अंग इतके दिवस गुपचूप बरं होतं आणि आपण त्याची चौकशीच केली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “दाई, मधलं बोटही आता बरं आहे की काय?” लाडाईला हसावं की रडावं ते कळेना. कोपर सुटलं. मान सुटली. डाव्या डोळ्यापुढचं सावट विरळ झालं.

तेवढ्यात खिडकीखाली हलगी वाजली. हैबती जमेल तेवढा लंगडला होता, पण चौक सातच होते.

“ऐका हो ऐका! आजपासून या राज्यात ‘मरण’ हा शब्द कुणीही, कधीही, कुठेही...” हैबतीचा आवाज फाटला, पण शब्द तर गेलाच.

राजाची बोटं गार पडली. ओठ निळे झाले. कडं मनगटात रुतलं. “दाई,” तो म्हणाला, “ते आलं.”

लाडाई घाबरली. आयुष्यात कधी घाबरली नव्हती तेवढी घाबरली. तो विचार मनात आणू नका, असं ती म्हणणार होती. पण चाळीस दिवस सगळं राज्य तेच म्हणत आलं होतं. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“आलं तर आलं, बाळराजे. कधीतरी सगळ्यांकडेच येतं ते. बसू दे त्याला कोपऱ्यात. आपण कुठे होतो?”

राजाने डोळे मिटले.

“डाव्या पायाच्या अंगठ्याशी,” तो पुटपुटला.

“दुखतो?”

“नाही.”

“मग?”

“खाजतो.”

“काय?”

“दाई, मी मरतोय आणि माझा अंगठा खाजतोय!” राजा म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. खोकत, कण्हत, पोट धरून तो हसला. हसताना त्याच्या पोटातून मोठ्ठा आवाज आला. दोघांनीही पोटाकडे पाहिलं.

“हे काय?” लाडाईने घाबरून विचारलं.

“मला वाटतं,” राजा चाचरत म्हणाला, “मला वाटतं, मला भूक लागलीय.”

कडं दुभंगलं आणि जमिनीवर पडलं. दाराआड प्रधान ओरडला, “महाराज वाचले! बंदी फळाला आली!”

राज्याची घडी पुन्हा बसली, पण सावकाश. राजाला चालायला दोन महिने लागले, आणि मात्रा त्याला रोज चाटवाव्याच लागल्या. थंडीत त्याचे गुडघे पुढेही कुरकुरत. चाळीस फर्मानं मागे घ्यायला, रिवाजाप्रमाणे, आणखी चाळीस दिवस गेले. मात्र या वेळी हैबतीने रोगांची नावं घेतली नाहीत. तो चौकात उभा राहून विचारी, “ऐका हो ऐका! आज तुमचं काय काय बरं आहे हो?” लोक आधी बावचळले. मग एक म्हातारी म्हणाली, माझी दाढ आज गप्प आहे. मग दुसऱ्याने काही सांगितलं, मग तिसऱ्याने.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी लाडाईने मऊ भात कालवून आणला आणि पहिला घास हातात धरून ती थांबली.

“बाळराजे, खरं सांगू? मला अजून काही कळलेलं नाही. तुम्ही बरे झालात कसे?”

“मलाही नाही कळलं, दाई,” राजा म्हणाला. “तूप घाल.”

लाडाईने तूप घातलं. त्या राजाला जसं सगळ्या दुखण्यात न दुखणारं एक बोट सापडलं, तसं ते तुम्हाला सापडो, ऐकणाऱ्याला सापडो, आणि सांगणाऱ्यालाही सापडो.